मैत्रीचा पहिला घास

भात कापून झालं की आमच्या वाडीत सकाळी सगळ्यात आधी ऐकू येते ती झोडणी. खळ्यावर फळी आडवी टाकलेली असते, तिच्यावर पेंढ्या आपटत असतात आणि तो धप्प धप्प आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन थोडा उशिरा परत येतो. महाडहून पाचाडकडे निघालं की नाते गाव लागतं. तिथून पुढे थोडं आत वळलं की आमची वाडी. बुद्धविहाराला लागून एक खोली आहे, तिथे अंगणवाडी भरते, आणि त्या अंगणवाडीची मी सेविका. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी लागले, ती अजून तिथेच आहे.

परवा सकाळी खोलीची खिडकी उघडली तर भाताचा बारीक भुसा वाऱ्याबरोबर आत आला आणि टेबलावर बसला. एरवी मी लगेच फडकं घेतलं असतं. त्या दिवशी बोट फिरवत राहिले. नव्या भाताला एक वास असतो, ओला, जरा गोडसर, थोडा मातीचा. त्या वासानं मला अकरा वर्षं मागे नेलं. त्या सुगीत माझी मुलगी सहा महिन्यांची झाली होती आणि मी तिला खायला शिकवायला निघाले होते.

तिचं नाव मैत्री. आता सहावीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी टोपाचं झाकण उचलून बघते. हिनं एके काळी दोन महिने तोंड उघडलं नव्हतं असं सांगितलं तर ती मलाच खोटं पाडते. "आई, तू काहीपण सांगतेस." तिला कशी आठवण असणार? तो मोसम तिच्या वाट्याचा नव्हताच. तो माझ्या वाट्याचा होता.

तेव्हा मला वाटत होतं, आपल्याला सगळं येतं. येणारच ना! सहा महिने नुसतं आईचं दूध, मग दुधाबरोबर वरचं खाणं, आधी दोन-तीन चमचे, मग अर्धी वाटी, पातळ नको, चमच्यावरून ओघळणार नाही असं मऊसर हवं, हे मी भिंतीवरच्या चित्रावर पट्टी ठेवून किती बायांना सांगितलं असेल त्याला मोजमाप नाही. मीठ-साखर नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका. सांगताना माझा आवाज जरा चढायचाच. समोर बसलेल्या बाया शेतावरून आलेल्या, पदर डोक्यावर, मांडीवर पेंगणारं पोर. त्या माना डोलवायच्या. मला वाटायचं त्यांना पटलं.

मैत्रीला सहा महिने झाले त्या रविवारी विहारात वंदना झाली. माझा भाऊ पोलादपूरहून यायचा होता. आमचं माहेर कशेडी घाटाच्या पायथ्याशी. घाटात ट्रक आडवा झाला, पलीकडून येणारी एसटी अडकली म्हणून त्याला दोन तास वाट बघावी लागली, आणि आला तो घामाघूम, खांद्यावर नाचणीची पिशवी घेऊन. आईनं पाठवलेली. डोंगरउतारावरची आमची नाचणी, तिनं भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सावलीत वाळवून दळलेली. पिशवीचं तोंड सोडलं तेव्हा माहेरच्या पडवीचा वास आला आणि मी उगीच तोंड फिरवलं. मामानं भाचीच्या ओठाला तांदळाची खीर लावली. मैत्रीनं आधी भुवया वर केल्या, मग जीभ बाहेर काढली आणि खीर नव्या फ्रॉकवर आली. सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी रीतसर सुरू केलं. नव्या तांदळाचा भात मोठ्या माणसांना आवडत नाही, चिकट होतो. पण बाळासाठी तो बरा, चटकन मऊ होतो. मुगाची डाळ घालून तो शिजवायचा, वाटीच्या पाठीनं घोटायचा, वर तुपाचा थेंब. मैत्री चमचा जवळ आला की बघायची आणि जिभेनं तो ढकलून द्यायची. सुरुवातीला असं करतातच, मी स्वतः सगळ्यांना सांगायचे. नाचणीचं सत्त्व केलं, ढकललं. लाल भोपळा उकडून दिला, केळं कुस्करून दिलं, पेज दिली. पेज गिळली नाही, गालात धरून ठेवली आणि मी वळल्यावर माझ्या खांद्यावर सोडली.

पंधरा दिवसांनी ती वाटी बघून रडायला लागली. चमचा वाटीला लागल्याचा टिण् असा आवाज झाला की पाळण्यात मान फिरवायची. घरात मग तमाशाच व्हायचा. सासूबाई खिडकीतून कावळा दाखवायच्या, हे एमआयडीसीतल्या पाळीवरून आले की अंगावरचे कपडे न बदलता किल्ल्या वाजवायचे, नणंद टाळ्या वाजवायची, आणि मी त्या गडबडीत उघड्या तोंडात चमचा घालायला टपलेली. एखाद्या वेळी जमायचं. जमलं की मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटायचं.

"दूध सोडव, मग बघ कशी खाते ती," सासूबाई म्हणायच्या.

"दूध नाही सोडवायचं आई. दोन वर्षं पाजायचं असतं."

"मग पाज," त्या म्हणायच्या आणि उठून जायच्या. त्यांच्या त्या 'पाज'मध्ये काय काय भरलेलं असायचं ते मला अजून सांगता येणार नाही.

महाडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट तपासलं, रक्त बघितलं, लोहाचे थेंब दिले. म्हणाले, "बाळ ठीक आहे. जबरदस्ती करू नका. भूक तिला तिची लागेल." मी येताना एसटीत तिला मांडीवर घेऊन विचार करत होते की यांना काय जातंय सांगायला, वजन तर मला करायचं आहे.

तेव्हा वजनकाटा खोलीच्या आढ्याला टांगलेला असायचा. त्याला कापडाची झोळी, झोळीत बाळ, आणि काटा थांबेपर्यंत सगळ्यांचे श्वास थांबलेले. मग तक्त्यावर मी ठिपका द्यायचे. हिरव्या पट्ट्यात असला की आई हसायची. पिवळ्यात गेला की माझं व्याख्यान सुरू. मैत्रीचा सहाव्या महिन्याचा ठिपका सहा किलो दोनशेचा होता, हिरव्यात, जरा खालच्या बाजूला. सातव्या महिन्यात तेवढाच. आठव्या महिन्याला मी सगळ्या बाया घरी गेल्यावर, दार ओढून घेऊन तिला झोळीत घातलं. काटा सहावर थांबला. मी तिला काढलं, परत घातलं. सहाच.

पिवळा.

मी वहीत लिहिलं, सहा किलो सातशे.

अगदी सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलं. ठिपका हिरव्यात दिला आणि वही मिटली. नंतर बराच वेळ मी तिला पाजत तिथेच बसून होते. ती पीत पीत माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी तिला पाय पसरून त्यावर आडवी घ्यायला लागले, जसं औषध पाजायला घेतात तसं. तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात, दुसऱ्या हातानं गाल दाबायचे आणि चमचा आत. ती ठसकायची, किंचाळायची, घामानं भिजायची. मीही रडायचे. पण वाटी संपायची. अंगणवाडीतही दुपारी मुलं गेली की हाच कार्यक्रम. एकदा हे चालू असताना दारात सावली पडली. कुसुम उभी होती, खाऊचं पाकीट न्यायला आलेली. पाकीट घेतलं, मैत्रीकडे बघितलं, गेली.

कुसुम आमच्याच वाडीतली. तिला जमीन नव्हती, दुसऱ्यांच्या शेतावर जायची. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी नसायचा. तिचा सिद्धू मैत्रीपेक्षा चार महिन्यांनी मोठा. आणि या कुसुमला त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, मी पंधरा बायांसमोर बोलले होते. सिद्धूचा ठिपका पिवळ्यात गेला होता आणि त्याची सात वर्षांची बहीण सांगून मोकळी झाली होती की ती त्याला चहात बिस्कीट बुडवून देते. मी कुसुमला म्हटलं होतं, "चहा-बिस्किटावर पोर वाढवतेस? आई आहेस की कोण?" ती खाली बघत राहिली. बाकीच्या बायाही खाली बघत राहिल्या. मला वाटलं होतं, चांगली जरब बसली.

सुगी ऐन भरात आली. त्या महिन्याच्या वजनाला कुसुम आली नाही, म्हणून मी वही आणि हातकाटा घेऊन, मैत्रीला कडेवर मारून खळ्यावर गेले. दुपारचं ऊन सौम्य होतं. एका बाजूला भाताची रास, दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी, आणि तिच्या सावलीत कुसुम जेवायला बसलेली. तिच्यासमोर सिद्धू धुळीनं माखून बसलेला, वर्षाचा होत आलेला, गाल वर आलेले. त्याला मी तीन महिन्यांत नीट पाहिलंच नव्हतं. नुसत्या ठिपक्यावरून पाहत होते.

"बसा बाई," ती म्हणाली आणि पोतं सरकवलं.

मी मैत्रीला पोत्यावर ठेवलं आणि वही उघडली. कुसुम एक घास स्वतः खायची, मग ताटलीच्या कडेचा बिनतिखटाचा भात बोटांनी मऊ करून सिद्धूपुढे धरायची. तो कधी घ्यायचा, कधी नाही. नाही घेतला की तो घास तिच्याच तोंडात. मधेच त्यानं ताटलीत पंजा घातला. ती म्हणाली, "हां, घे," आणि जेवत राहिली.

मैत्री हे बघत होती. आधी सिद्धूच्या हाताकडे, मग कुसुमच्या तोंडाकडे. कुसुम चावायची तसे हिचे ओठ हलत होते. मग ती पुढे झुकली, दोन्ही हात टेकून, आणि तिनं तोंड उघडलं.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"देऊ का?" कुसुमनं मला विचारलं. "माज्या हाताला चटणी लागलेली नाय. हात पण धुतलेला हाय."

मी मान हलवली. तिनं वाटाण्याएवढा भात बोटांत चांगला मऊ केला आणि पुढे धरला. तोंडात घातला नाही, नुसता धरला. मैत्रीनं मान पुढे करून तो घेतला. गालात धरला नाही, ढकलला नाही. घशाची हालचाल मला दिसली. आणि तोंड परत उघडलं.

चार वेळा. पाचव्या वेळी तिनं मान वळवली, कुसुमनं लगेच हात मागे घेतला आणि तो घास सिद्धूला दिला.

मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते, आणि झालाच. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी मला कुसुमचा हेवा वाटला. माझ्या मुलीनं पहिला घास दुसरीच्या हातून घेतला, आणि तोही हिच्या हातून! मी मैत्रीला उचलून छातीशी धरलं. तिच्या तोंडाला भाताचा वास येत होता.

"घरी का खात नाही गं ही?" माझ्या तोंडून गेलं. सेविका म्हणून नव्हे, कुणीतरी सांगावं म्हणून.

कुसुमनं सिद्धूच्या तोंडावरचा भात पुसला. "तुमी तिच्यासंगती जेवता का?"

"तिला भरवते, मग जेवते."

"आणि घरातले?"

"सगळे तिच्याभोवतीच असतात. तिनं खावं म्हणून."

"म्हंजे तिच्यासमोर खातंय कोण?" ती म्हणाली. "चार माणसं नुसती तोंडाकडं बघत बसली तर तुमाला तरी घास जाईल का?"

वारा पडला होता. पलीकडे कुणीतरी सुपानं भात वाऱ्यावर देण्यासाठी थांबलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "कुसुम, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. चुकलंच माझं."

तिनं ताटलीत पाणी घालून हात धुतले. "तुमी बोललात ते खोटं नव्हतं बाई. पोर बारीकच झालेलं." मग पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण कशापायी झालं ते तुमी इचारलं नाय."

मी तेव्हा विचारलं. तिनं सांगितलं. लावणीला दुसऱ्याच्या शेतात सकाळी सातला उतरायचं, मधे सोडत नाहीत, दूध भरून यायचं, चोळी भिजायची आणि पावसात कुणाला कळायचं नाही. घरी सात वर्षांच्या पोरीला चूल पेटवू द्यायची नाही म्हणून डब्यात बिस्किटं ठेवायची. चहा ती पोरगी शेजारणीकडून मागून आणायची, भावानं रडू नये म्हणून. कुसुम हे सगळं सांगत होती ते तक्रार म्हणून नाही. कुणी रस्ता विचारला तर सांगावा, तसं. लावणी संपल्यावर ती त्याला रोज बरोबर घेऊन यायला लागली, आणि तिच्या जेवणात तो जेवायला लागला, एवढंच.

त्या संध्याकाळी मी घरी सगळ्यांना सांगितलं, आजपासून कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. मैत्रीला पंक्तीत बसवलं, पाठीला उशी लावून. तिच्यासमोर तिची ताटली, त्यात मऊ भात आणि उकडलेल्या भोपळ्याचा गोळा, आणि आम्ही आमचं जेवायला लागलो. सासूबाई सारख्या तिच्याकडे बघायच्या आणि मी त्यांना डोळ्यांनी दटावायचे. मैत्रीनं भोपळ्यात बोट घातलं. मग हात घातला. केसांना लावला, ताटली उलटी केली. पोटात काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटत आला होता, चमचा घ्यायला हात शिवशिवत होता. मी तो हात मांडीखाली दाबून ठेवला, खरंच ठेवला. चौथ्या दिवशी तिनं भातानं बरबटलेली मूठ स्वतःच्या तोंडात घातली आणि चोखली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "गो माजे बाय," त्या एवढंच म्हणाल्या, अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर ती थांबेल.

पुढे सोपं झालं असं नाही. कधी दोन घास, कधी काहीच नाही. एकदा सर्दी झाली तेव्हा आठवडाभर परत नुसतं दूध. पण चमचा वाजला की मान फिरवणं बंद झालं. नाचणीचं सत्त्व ती माझ्या वाटीतून घ्यायची, तिच्या वाटीतून नाही. त्यातलं गुपित तिलाच ठाऊक.

राहिली होती ती वही. पुढच्या वजनाच्या दिवशी बाया जमल्या तेव्हा मी आधी मैत्रीला झोळीत घातलं. तिच्या नावापुढचं मागच्या महिन्याचं सहा सातशे खोडलं, शेजारी खरा आकडा लिहून सही केली आणि मोठ्यानं म्हटलं, "मागच्या महिन्यात हिचं वजन सहा किलो होतं. मी खोटं लिहिलं होतं. ही खात नव्हती आणि मला लाज वाटत होती." माझा आवाज नेहमीसारखा चढला नाही, मधेच बसला. खोलीत कुणी हसलं नाही. काटा थांबला तो सहा किलो तीनशेवर. अजून पिवळ्यातच. तो ठिपका मी पिवळ्यात दिला.

मग कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "माजापण नाय खात बाई. मी तुमाला खातो म्हणून सांगायची." दुसरी म्हणाली, तिची सासू मऊ भात करूच देत नाही, गॅस जातो म्हणते. तिसरी नुसतीच डोळे पुसायला लागली. त्या दुपारी मी भिंतीवरच्या चित्राला पट्टी लावली नाही. इतक्या वर्षांत बाया पहिल्यांदा बोलल्या आणि मी ऐकत बसले. वर्षाच्या आत मैत्री हिरव्यात आली. पण त्या दिवसाइतका हलका दिवस मला तोही वाटला नाही.

कुसुम आता इथे नाही. नवऱ्यानं पनवेलला काम धरलं आणि चौघंही तिकडे गेली. जयंतीला येतात. सिद्धू माझ्याहून उंच झाला आहे, लांबूनच "जयभीम बाई" म्हणतो आणि लाजून मोबाईलमध्ये डोकं घालतो. मी कुसुमला दर वेळी म्हणते, जेवून जा. ती दर वेळी जेवते. खळ्यावरच्या त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधी बोललेलो नाही.

आता वजन मोबाईलमध्ये भरतात. आकडा टाकला की रंग आपोआप येतो, मला ठिपका द्यावा लागत नाही. परवा त्या भुसा उडालेल्या सकाळी प्रियांका आली होती. मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेली ती अजून इथेच, वीस-एकवीस वर्षांची. सात महिन्यांचा मुलगा कडेवर. मी वजन टाकलं आणि पडदा पिवळा झाला. तिनं तो माझ्या आधी पाहिला.

"मी सब करते ताई," ती घाईघाईनं बोलायला लागली. "मोबाईलवर बघून करते. टाइमवर देते. तो थुकतोच. घरात सगळे मलाच बोलतात."

बाळ माझ्याकडे टकामका बघत होतं. हातापायानं बारीक, पण डोळे तरतरीत. मला पुष्कळ सांगता आलं असतं. नाचणी, डाळ, तूप, डॉक्टर. ते सांगायचं होतंच, आणि नंतर सगळं सांगितलंही. पण आधी मी त्याला तिच्या कडेवरून घेतलं आणि विचारलं, "तू काय खाल्लंस गं सकाळपासून?"

कुणीतरी अनोळखी भाषेत विचारावं तशी बघत राहिली.

"चाय," ती म्हणाली.

मुलांसाठी शिजवलेली खिचडी टोपात गरम होती. मी एका हातानं ताटली भरली आणि तिच्यासमोर ठेवली. "बस. आधी तू जेव."

ती खाली बसली. पहिला घास तिनं खाली मान घालून घेतला. दुसऱ्या घासाला नाक ओढलं. मग ती जेवायला लागली, भुकेलं माणूस जेवतं तशी, आणि माझ्या मांडीवरचं पोर तिच्या हाताकडे बघत राहिलं.